खिडकीतला पेला

खुर्चीत बसलेले सर मी एकदाच पाहिले, तेही फोटोत, फोटोला हार घातल्यावर. कुणाच्या तरी लग्नातला फोटो असावा. डोक्याला फेटा, आणि सर खुर्चीच्या पार कडेला टेकलेले, कुणी 'उठा' म्हणतंय का याची वाट बघत असल्यासारखे.

एरवी आमच्या शाळेतल्या बावीस वर्षांत सर उभे. तास असो, परीक्षेचं सुपरव्हिजन असो, स्टाफरूममधला चहा असो, उभेच. चहाची त्यांची जागाही ठरलेली होती, खिडकीपाशी, कोपर चौकटीवर टेकून. मी एकदा न राहवून विचारलं, "सर, गुडघे दुखत नाहीत का हो?"

"दुखत्यात की," म्हणाले. "पण खुर्चीची सवय लई वाईट, सायन्सवाले. फ्रान्सच्या राजाला सुटली न्हाय, आपन कोण?"

मी विज्ञान शिकवायचो म्हणून मी कायमचा 'सायन्सवाले'. ते इतिहासाचे. अक्कलकोटकडचे, घरी कन्नड, बाहेर हे असलं मराठी. शिक्षकानं शुद्ध बोलावं असं हेडसर त्यांना सांगायचे, तेव्हा ते शांतपणे विचारायचे, "कुणी ठरवलं?"

हे त्यांचं पालुपद होतं. पोरांनी रांगेत उभं राहावं. कुणी ठरवलं? मुलींची रांग डावीकडे. कुणी ठरवलं? नियमाला त्यांचा विरोध असायचा असं नाही. पण ठरवणाऱ्याचं नाव कळेपर्यंत ते नियमाला नियमच म्हणायचे नाहीत. आम्हा बाकीच्यांना हा माणूस म्हणजे डोक्याला ताप होता, खोटं कशाला बोलू.

नववीच्या वर्गातली मास्तरांची खुर्ची ते रोज चिठ्ठी टाकून पोरांपैकी एकाला द्यायचे. एकदा तपासणीला साहेब आले, तर खुर्चीत दोन वेण्यांची एक पोरगी बसलेली आणि सर भिंतीला. साहेबांनी भुवया उंचावल्या. सर म्हणाले, "आज तिचा नंबर हाय साहेब. काय इचारायचं ते तिला इचारा." पोरीनं साहेबांना बसायला बाक दाखवला. साहेब बसले! हेडसरांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा झाला होता.

माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून. मधली भिंत नावाला. तिच्यातून मी जेवढा इतिहास ऐकला तेवढा माझ्या शाळेच्या दिवसांत ऐकला नव्हता. राज्यक्रांतीचा धडा आला की सर डब्यातून कडक भाकरी आणायचे, पापडासारखी वाळलेली, आणि शेंगाचटणी. सगळी भाकरी पहिल्या बाकावरच्या तिघांना द्यायचे. ती तिघं कुडुमकुडुम खायची, उरलेली पन्नास बघत बसायची. पाच मिनिटं सर एक अक्षर बोलायचे नाहीत. मग विचारायचे, "काय वाटलं?" कुणी म्हणायचं राग आला, कुणी म्हणायचं भूक लागली. एक वर्षी एक पोरगा म्हणाला, "काय न्हाय वाटलं सर, नेहमीचंच हाय." सर त्याच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "यप्पा! ह्याला म्हणत्यात जुनं राज्य."

क्रांती म्हणजे मारामाऱ्या, डोकी उडवणं, असं पोरांना वाटायचं. सरांना त्यात काडीचा रस नव्हता. "डोकी तर लुटारू बी उडवत्यात," म्हणायचे. त्यांना नाद होता तो एकाच गोष्टीचा, विचार इकडून तिकडे जातो कसा. फ्रान्सचे शिपाई अमेरिकेत लढायला गेले, आणि राजाशिवाय देश चालवता येतो एवढं डोळ्यांनी बघून परत आले. आपल्या सोलापुरातल्या मिलमधल्या माणसांनी इंग्रजाला काही दिवस गावाबाहेर ठेवलं, त्यांनी कुठं फ्रान्सचं पुस्तक वाचलं होतं? कुणीतरी कुणालातरी सांगितलं, तेवढंच.

आणि हैतीचं बेट. तो त्यांचा जीव की प्राण. उजनीच्या काठची काही पोरं आमच्याकडे नातेवाइकांच्या घरी राहून शिकायची. त्यांच्यातल्या एकाला सर उभं करायचे.

"एक एकर ऊस तोडायला किती माणसं लागत्यात रे?"

पोरगा घरचाच हिशेब असल्यानं झटक्यात सांगायचा.

"आता ही माणसं इकत घेतलेली हायत असं समज. चाबकानं राबवायची. असं एक बेट हुतं, फ्रान्सच्या ताब्यातलं, सगळा ऊसच ऊस. तितले मळेवाले जेवायला बसले की फ्रान्सच्या गप्पा. माणसं जन्मानं सारखी हायत असं कागदावर लिवलं म्हणं, शाब्बास! आन हे बोलताना त्यांच्या ताटात वाढत कोण हुतं?"

"गुलाम, सर."

"मालकाला वाटायचं, ह्याला काय कळतंय. पण वाढणाऱ्याचं कान कुणी बांधलं हुतं व्हय? एक दिवस ती माणसं म्हणाली, आमी बी माणसंच की. ज्यांच्यासाठी लिवलंच नव्हतं, त्यांनी ते खरं करून दाखवलं."

व्हरांड्यात माठ होता. तो भरणाऱ्या मावशी हा धडा दर वर्षी ऐकायच्या. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आत्ता लिहिताना येतंय.

आता वहीचं सांगतो. क्रांतीच्या आधी फ्रान्सच्या राजानं गावोगावच्या लोकांना आपापली गाऱ्हाणी लिहून पाठवायला सांगितली होती म्हणे. लोकांनी वह्याच्या वह्या भरल्या. सरांनी ते उचललं. नववीच्या दारामागे खिळ्याला सुतळीनं एक जाड वही टांगलेली असायची, गाऱ्हाण्यांची वही. शाळेतल्या कुणीही, कुणाविरुद्धही लिहावं. नियम तीन. खाली आपलं नाव हवं. शनिवारी ते वर्गात मोठ्यानं वाचलं जाणार. आणि ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं असेल त्यानं फळ्याजवळच्या कोपऱ्यात उभं राहून सगळ्यांदेखत उत्तर द्यायचं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. कोपऱ्यातला माणूस पुटपुटला की शेवटचा बाक ओरडायचा, "जोरात!" माझ्या वर्गापर्यंत यायचा तो आवाज. मला हसू यायचं.

सरांविरुद्धही गाऱ्हाणी यायची. एकदा एका मुलीनं लिहिलं, 'सर अवघड प्रश्न फक्त मुलांना विचारतात.' शनिवारी सर कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "खरं हाय. मला वाटलं नव्हतं, पण खरं हाय. माणसाचे हक्क लिवणाऱ्यांनी तितं बी बायकांना असंच सोडलं हुतं. मी त्यांच्यातलाच निघालो की." सोमवारपासून पहिला प्रश्न मुलींना. हसण्यावारी नेण्यासारखा माणूस होता, पण नेता यायचा नाही.

एवढं सगळं झालं. आता मी जे लिहायला बसलोय तिथं येतो. इतका वेळ टाळलं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

आमच्या स्टाफरूममध्ये चौदा कप होते. पांढरे, निळ्या काठाचे. ते टेबलावर. आणि खिडकीच्या चौकटीत, बाहेरच्या बाजूला, एक स्टीलचा पेला होता. तो मावशींचा. मावशी शाळेची झाडलोट करायच्या, संडास धुवायच्या, आणि चहाही करायच्या. त्यांनीच केलेला चहा आम्ही कपातून प्यायचो, आणि उरलेला त्या खिडकीतला पेला काढून त्यात ओतून व्हरांड्यात उकिडव्या बसून प्यायच्या. पेला स्वतः धुवून परत खिडकीत. आम्ही जात मानत नव्हतो, हो! तुम्ही विचारलं असतं तर आमच्यातल्या कुणीही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. तो पेला तिथं ठेवायचा असं कुणी म्हटलंच नव्हतं कधी. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा तो तिथं होता.

एक दिवस शाळा सुटल्यावर मी वर्गात वह्या तपासत होतो. दारात मावशी आल्या, हातात झाडू.

"सर, तुमचा पेन देता का जरा?"

मी दिला. त्या शेजारच्या वर्गात गेल्या. बराच वेळ येईनात, म्हणून मी डोकावलो. दारामागे उभ्या राहून, वही भिंतीला टेकवून, त्या एकेक अक्षर काढत होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या, पण लिहायची सवय मोडलेली. लिहून झालं, पेन पदराला पुसून मला परत दिला. "झालं," म्हणाल्या. मी काही विचारलं नाही. सर तर त्या दिवशी रजेवर होते. हे नीट लक्षात ठेवा, सर रजेवर होते.

शनिवारी भिंतीपलीकडे सरांनी वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. मी खडू खाली ठेवला.

मग त्यांचा आवाज आला, अगदी सपाट. "खिडकीतला पेला कुणी ठरवला? मी पण माणूस आहे. मला टेबलावर कप पाहिजे." आणि खाली मावशींचं पूर्ण नाव. मी इतकी वर्षं शाळेत होतो, ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

मग पावलं वाजली. सर कोपऱ्यात गेले होते. काहीतरी बोलले, मला कळलं नाही.

"जोरात!" शेवटचा बाक ओरडला.

"मला दिसला न्हाय," सर म्हणाले. "बावीस वर्षं त्या खिडकीला कोपर टेकून मी चहा पितोय. पेला माझ्या कोपराशी हुता. मला हैती दिसलं, पेला दिसला न्हाय." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सोमवारी चहाच्या वेळी सरांनी खिडकीतला पेला उचलला आणि स्वतःचा चहा त्यात ओतून घेतला. मोठा त्याग केल्यासारखा चेहरा. मावशी किटली धरून उभ्या. म्हणाल्या, "आन आता मी कशात पिऊ? सर, पेला तुमी घेऊन काय व्हनार? मला कप द्या की."

सर ओशाळले. स्वतःचा निळ्या काठाचा कप त्यांनी टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली. मावशी बसल्या. चहा ओतून घेतला आणि प्यायल्या, सावकाश. तीन जण उठून बाहेर गेले. मी उठलो नाही. पण मी मान खाली घालून वर्तमानपत्र वाचत होतो, आणि काय वाचलं ते मला सांगता येणार नाही.

आठवड्याभरात संस्थेपर्यंत बोभाटा झाला. हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चांगला माणूस होता, मुलाबाळांचा. म्हणाले, "मावशी रोजंदारीवरच्या. विद्यार्थ्यांच्या वहीत स्टाफची बदनामी केली म्हणून उद्या काढून टाकतील. त्यांना वाचवायचं तर एकच रस्ता आहे. हे सरांनी त्यांना लिहायला सांगितलं, असं स्टाफनं लिहून द्यायचं. सरांचं काय जातंय? वैरागच्या शाखेत बदली होईल. निवृत्तीला तीन वर्षं तर राहिलीत. तुमचं अक्षर चांगलं आहे, मजकूर तुम्ही लिहा."

मी लिहिला. त्याच पेननं लिहिला की दुसऱ्या, आठवत नाही. आठवत नाही हे बरंच आहे. 'सदर मजकूर सौ. अमुक यांनी सरांच्या सांगण्यावरून लिहिला, हे आम्ही समक्ष पाहिले आहे.' पहिली सही माझी. समक्ष पाहणारा खरोखर मी एकटाच होतो, आणि मी पाहिलं होतं ते नेमकं उलटं.

मनाची समजूत घालायला मला काय वेळ लागतो? एका गरीब बाईची नोकरी वाचवली, म्हणालो. सरांनी संस्थेसमोर साफ सांगितलं, "मी सांगितलं न्हाय. तिचं तिनं लिवलंय." कुणाचा विश्वास बसला नाही. झाडू मारणारी बाई असं लिहील, हे कुणाला खरंच वाटेना. आणि मावशींना? मावशींना कुणी विचारलंच नाही.

सर वैरागला गेले. जाताना वही काखेत. स्टाफरूममधले चौदा कप कपाटात गेले आणि कागदी कप आले, सगळ्यांना सारखे, पिऊन फेकून द्यायचे. "सुंठीवाचून खोकला गेला," हेडसर म्हणाले. खिडकीतला पेला कुठं गेला कुणास ठाऊक. मावशी पुन्हा कधी टेबलापाशी बसल्या नाहीत. माझ्याशी बोलायच्या, कामापुरतं. पेन मात्र त्यांनी माझ्याकडे परत कधी मागितला नाही.

सर मला नंतर एकदाच भेटले, एसटी स्टँडवर, उभे. बाकडं रिकामं होतं. मी तब्येत विचारली, मुलीचं विचारलं. मला वाटलं होतं, आता ते काहीतरी बोलतील. उत्तर मी केव्हाच तयार करून ठेवलं होतं, की मावशींच्या नोकरीसाठी केलं सर. ते म्हणाले, "सायन्सवाले, आज वही आनली न्हाय मी." मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं चाललं. गाडी लागली, ते गेले.

गेल्या महिन्यात ते वारले. शाळेनं शोकसभा ठेवली, त्यांच्याच नववीच्या वर्गात. जुने विद्यार्थी आले, काही जुळे सोलापूर भागातून, काही पार पुण्याहून. एक वकील झालाय, एक नर्स. मावशीही आल्या होत्या. आता थकल्यात, काठी घेऊन चालतात. कुणीतरी पुढची खुर्ची दाखवली, त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

टेबलावर तो फोटो, हार, उदबत्ती. सरांच्या मुलीनं पिशवीतून गाऱ्हाण्यांची वही काढून फोटोशेजारी ठेवली. "बाबांनी शाळेला द्यायला सांगितली होती," म्हणाली. भाषणं सुरू झाली. थोर शिक्षक, आदर्श शिक्षक, समतेचे पुजारी. ज्या तिघांनी त्या सोमवारी उठून काढता पाय घेतला होता, त्यांतल्या एकानं समतेवर दहा मिनिटं घेतली.

माझा हात सहज वहीकडे गेला. सुतळी अजून होती. मी मागून पानं उलटली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तेच अक्षर, भिंतीला टेकवून काढल्यासारखं वेडंवाकडं.

'मी लिहिलं ते माझं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सायन्सच्या सरांनी पेन दिला, त्यांनी बघितलं. तरी त्यांनी सरांचं नाव लिहून दिलं. माझं एक गाऱ्हाणं होतं ते पण घेतलं. त्यांनी उत्तर द्यावं.'

खाली मावशींचं पूर्ण नाव. त्याच्याखाली सरांच्या लाल पेन्सिलीनं दोन शब्द: उत्तर बाकी.

म्हणजे सर जाण्याआधी मावशींनी ते लिहिलं होतं. नंतरचा शनिवार झालाच नाही, सरांची बदली झाली. इतकी वर्षं ती वही वैरागात कुठल्या तरी कपाटात माझी वाट बघत पडली होती. आणि स्टँडवर सर काय म्हणाले होते, ते मला त्या क्षणी कळलं. नोकरी वाचवली म्हणे! मावशींनी नोकरी मागितलीच कुठं होती माझ्याकडे? त्यांनी पेन मागितला होता.

"आता सरांचे दीर्घकाळचे सहकारी दोन शब्द बोलतील," असं कुणीतरी म्हणालं आणि माझं नाव घेतलं. खिशात भाषण होतं. रात्री लिहिलेलं, चांगल्या अक्षरात.

मी माइककडे गेलो नाही. वही घेऊन फळ्याजवळच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. नव्या शिक्षकांना काही कळेना, ते एकमेकांकडे बघायला लागले. जुन्या विद्यार्थ्यांना मात्र कळलं. खुसफूस थांबली. पुण्याहून आलेल्या एका पोरानं चटकन मोबाईल खिशात घातला आणि हाताची घडी घातली, नववीत घालतात तशी.

मी मावशींचं गाऱ्हाणं वाचून दाखवलं. मग वही मिटली. पाठ भिंतीला टेकवली.

"तो कागद मी लिहिला," मी म्हणालो. "पहिली सही माझी आहे. मी खोटं..." पुढचं मी वहीकडे बघत पुटपुटलो.

शेवटच्या बाकावर काठी वाजली.

"जोरात बोला की, सर," मावशी म्हणाल्या. "हितं ऐकू येत न्हाय."